'इरा' या नावाचा अर्थ नक्की कोणता: सरस्वती, पृथ्वी की मद्य?

धाकटी आत्या:

नमस्कार. भावाला नुकतीच मुलगी झाली असून आत्या या नात्याने तिचे नाव ठेवण्याचा मान माझ्याकडे आला आहे. वहिनीच्या मनात 'इरा' हे नाव पहिल्यापासून होते, आणि मलाही ते आवडले, कारण ते दोनच अक्षरांचे आहे, त्यात जोडाक्षर नाही, आणि लाडाने तोडून-मोडून हाक मारण्याची गरजच त्यात उरत नाही. नावांच्या संकेतस्थळांवर पाहिले तर बहुतेक ठिकाणी 'इरा म्हणजे सरस्वती' असे एका ओळीत दिलेले आढळते. काही ठिकाणी 'पृथ्वी' आणि क्वचित 'पाणी' असेही आहे.

अडचण अशी झाली की आमच्या थोरल्या काकांचे संस्कृत चांगले आहे. त्यांनी अमरकोश हा संस्कृतचा जुना शब्दकोश काढला, मद्याच्या नावांच्या यादीवर बोट ठेवले आणि "मुलीला दारूचे नाव ठेवणार का?" असे विचारले. तेव्हापासून घरात दोन तट पडले आहेत. वहिनी हट्टाला पेटली आहे, आई काकांच्या बाजूने झुकते आहे, आणि निर्णय माझ्यावर सोडून भाऊ मोकळा झाला आहे.

मला जाणून घ्यायचे आहे ते असे. 'इरा' या शब्दाचा मूळ अर्थ काय, आणि तो कोणत्या ग्रंथांत येतो? 'मद्य' हा अर्थ खरोखर आहे का, आणि असल्यास त्याला किती महत्त्व द्यावे? 'इला' आणि 'इडा' ही नावे म्हणजे 'इरा'चीच रूपे आहेत का? 'ईरा' असे दीर्घ लिहिलेलेही मी पाहिले आहे. त्यातले योग्य कोणते? जाणकारांनी कृपया आधारासह सांगावे, कारण काकांसमोर 'असे कुठेतरी वाचले' हे चालत नाही.

स्पष्टवक्ता:

आपले काका म्हणतात ते खोटे नाही. कोशात जो अर्थ आहे तो आहे. आवडत नाही म्हणून तो पुसता येणार नाही. माझे मत विचाराल तर ज्या नावाच्या अर्थावरून पाळण्यापूर्वीच घरात वाद झाला, ते नाव पुढे प्रत्येक समारंभात कोणी ना कोणी उकरून काढणारच. 'इला' ठेवावे. कानाला जवळपास तसेच आहे, जुने आहे आणि त्याला मद्याचा वास नाही.

घरचा कोश:

काकांनी बोट ठेवले ती ओळ बहुधा अमरकोशाच्या दुसऱ्या कांडातील आहे. तिथे सुरेची नावे सांगताना 'गन्धोत्तमाप्रसन्नेराकादम्बर्यः परिस्रुता' असा चरण येतो. 'प्रसन्नेरा' हा संधी सोडवला की 'प्रसन्ना' आणि 'इरा' ही दोन नावे हाती लागतात. तेव्हा 'मद्य' हा अर्थ आहे, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

मात्र तो चरण काकांना पुन्हा एकदा, पूर्ण वाचायला सांगावा. 'इरा'च्या अलीकडे 'प्रसन्ना' आहे आणि पलीकडे 'कादंबरी' आहे. 'प्रसन्ना' हे नाव मुलीला ठेवताना आजवर कोणाचे घर अडखळल्याचे ऐकिवात नाही. 'कादंबरी'ची गोष्ट तर आणखी गमतीची आहे: बाणभट्टाने आपल्या नायिकेला ते नाव दिले, नायिकेवरून त्याच्या गद्यकथेला मिळाले, आणि मराठीत तर तो एका संपूर्ण साहित्यप्रकाराचाच शब्द होऊन बसला. आपण सुटीत कादंबरी वाचायला घेतो तेव्हा हातात काय घेतले आहे याची कोणाला शंका येत नाही. एकाच चरणातल्या तीन शब्दांपैकी दोघांना माफी आणि तिसऱ्याला शिक्षा, हा न्याय मला पटत नाही.

अमरकोशातच तिसऱ्या कांडात, एका शब्दाचे अनेक अर्थ सांगणाऱ्या नानार्थवर्गात, 'इरा' पुन्हा येते: 'इरा भूवाक्सुराप्सु स्यात्'. म्हणजे भू, वाक्, सुरा आणि आप, अर्थात पृथ्वी, वाणी, मद्य आणि पाणी या चार अर्थांनी 'इरा' हा शब्द वापरला जातो. संकेतस्थळांवरचे सगळे अर्थ या एका ओळीत आहेत, हे आपल्या ध्यानात आले असेल. वाक् म्हणजे वाणी, वाणीची देवता सरस्वती, म्हणून 'इरा म्हणजे सरस्वती'. पृथ्वी आणि पाणी सरळच घेतले गेले. आणि सुरा तेवढी सोयीस्करपणे गाळली गेली. मला या गाळण्याचा राग येतो तो एवढ्याचसाठी की, आधी लपवलेला अर्थ नंतर एखाद्या काकांना सापडला की त्याचे उगीचच गुपित होते.

आता अशा कोशातली नोंद वाचायची कशी, हा खरा प्रश्न आहे. अमरसिंहाने कोश रचला तो काव्य वाचणाऱ्यांच्या आणि रचणाऱ्यांच्या उपयोगासाठी. कोणता शब्द कोणकोणत्या अर्थांनी वापरलेला सापडतो, याची ती पाठांतराला सोपी अशी छंदोबद्ध नोंद आहे. त्यात अर्थांचा काळ दिलेला नसतो, मूळ अर्थ कोणता आणि ओढून आलेला कोणता हे सांगितलेले नसते, आणि छंदात बसावे म्हणून क्रमही मागेपुढे होतो. त्यामुळे चार अर्थांपैकी पहिला तो मुख्य किंवा तिसरा तो कलंक, असे त्या ओळीवरून ठरवता येत नाही. त्यासाठी शब्द प्रत्यक्ष जिथे वापरला गेला आहे ती स्थळे पाहावी लागतात, आणि 'इरा'च्या बाबतीत ती अमरकोशाच्या फार आधीची, थेट ऋग्वेदातली आहेत. त्याविषयी माझ्यापेक्षा अधिकाराने लिहिणारे इथे आहेत.

पाठशाळा:

वरील प्रतिसाद नेमका जिथे थांबला तिथून पुढे लिहितो.

ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलातील ८३ वे सूक्त पर्जन्याचे आहे. त्याची चौथी ऋचा अशी:

प्र वाता वान्ति पतयन्ति विद्युत उदोषधीर्जिहते पिन्वते स्वः ।
इरा विश्वस्मै भुवनाय जायते यत्पर्जन्यः पृथिवीं रेतसावति ॥

वारे सुटतात, विजा कोसळतात, वनस्पती जमिनीतून डोके वर काढतात, आकाश भरून ओसंडते. पर्जन्य आपल्या रेताने पृथ्वीला सजीव करतो तेव्हा अवघ्या भुवनासाठी 'इरा' जन्माला येते. इथे 'इरा' म्हणजे नुसते पाणी घेतले तर अर्थ अपुरा राहतो, कारण पाऊस तर आधीच पडतो आहे. पाऊस जमिनीत मुरल्यावर त्यातून जे निपजते, ज्याच्यावर माणसे आणि गुरे जगतात, ते अन्न, तो रस, ती टवटवी म्हणजे इरा. भाषांतरकारांनी 'अन्न', 'पेय', 'पुष्टी' असे वेगवेगळे शब्द वापरले आहेत. माझ्या मते 'पोषण करणारा रस' हे त्यातल्या त्यात जवळचे आहे.

याची दुसरी बाजू दाखवणारा शब्दही ऋग्वेदात आहे, आणि मला तो अधिक बोलका वाटतो. तो शब्द म्हणजे 'अनिरा', म्हणजे इरा नसणे. आठव्या मंडलातील सोमाच्या प्रसिद्ध सूक्तात (८.४८, ज्यात 'अपाम सोमममृता अभूम' हे वचन येते) अकराव्या ऋचेत 'अप त्या अस्थुरनिरा अमीवाः' असे म्हटले आहे: त्या अनिरा आणि त्या व्याधी दूर निघून गेल्या. अन्नाविना येणारा अशक्तपणा, गळाठा, अंगातले त्राण जाणे, अशी 'अनिरा'ची छटा आहे आणि तिला रोगांच्या जोडीला बसवले आहे. जिच्या अभावाला आजारपणाशेजारी जागा मिळते, ती इरा कोणत्या दर्जाची गोष्ट असेल, हे वेगळे सांगायला नको.

तिसरे स्थळ सातव्या मंडलातील विष्णुसूक्ताचे (७.९९.३). तिथे 'इरावती धेनुमती हि भूतम्' असे द्यावापृथिवींना उद्देशून म्हटले आहे: तुम्ही दोघी इरेने युक्त आणि गाईंनी युक्त व्हा. हे द्विवचन आहे, त्यामुळे इथली 'इरावती' ही नदी नव्हे. आकाश आणि पृथ्वी या दोघींचे ते विशेषण आहे.

हा मूळ अर्थ एकदा नीट हाती आला की अमराचे चार अर्थ कसे फुटले असावेत ते दिसू लागते. पोषक द्रव म्हणून पाणी. पोषण देणारी म्हणून पृथ्वी. पिण्याजोगा, तरतरी आणणारा द्रव म्हणून पुढच्या काळात सुरा. वाणी हा अर्थ मात्र या मार्गाने सहज येत नाही. तो 'इडा'कडून आला असावा असे मला वाटते, कारण अमरकोशातच 'गोभूवाचस्त्विडा इलाः' अशी ओळ आहे, म्हणजे इडा आणि इला यांचे अर्थ गाय, पृथ्वी आणि वाणी. पृथ्वी आणि वाणी हे दोन अर्थ दोन्ही ओळींत समान आहेत, हे लक्षात घ्यावे.

एवढ्यासाठीच 'इरा म्हणजे सरस्वती' हे विधान मी जपून करीन. ऋग्वेदात 'इळा सरस्वती मही तिस्रो देवीर्मयोभुवः' (१.१३.९) असे आहे: इळा (म्हणजे इडाच), सरस्वती आणि मही या तीन सुखदायी देवी. 'तिस्रो' म्हणजे तिघी, असे स्पष्ट सांगितलेले असताना पहिलीला दुसरीचेच दुसरे नाव म्हणणे बरे नव्हे. उत्तरकालीन कोशांच्या आधारे 'इरा' शब्दाने वाग्देवीचा बोध होऊ शकतो, इतकेच म्हणता येईल.

धाकटी आत्या:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. 'कादंबरी'चा मुद्दा मी काल रात्री जेवताना मांडला आणि काका बराच वेळ काही बोलले नाहीत, हा आमच्या घरात विजयच समजला जातो. मात्र नंतर त्यांनी नवा मुद्दा काढला: "पुराणांत इला आहे, इरा कुठे आहे? मग सरळ इलाच ठेवा." वरील एका प्रतिसादातही 'इला' सुचवले आहे. तेव्हा इडा, इळा, इला आणि इरा यांचे आपसातले नाते कोणी उलगडून सांगेल का?

ओवीबद्ध:

पहिल्या तिघींचे नाते सोपे आहे. ऋग्वेदाच्या प्रचलित पाठात दोन स्वरांमधला 'ड' हा 'ळ' होतो. 'अग्निमीळे' या पहिल्याच शब्दांत आपण तो ऐकतो. म्हणून ऋग्वेदात 'इळा', यजुर्वेदात आणि ब्राह्मणग्रंथांत 'इडा', आणि अभिजात संस्कृतात 'ळ' वापरात न राहिल्यामुळे 'इला' किंवा 'इडा'. आपल्या मराठीत 'ळ' रोजच्या बोलण्यात आहे, तरी 'इळा' नाव कोणी ठेवत नाही, याचे कारण गवत कापायच्या विळ्याला कित्येक ठिकाणी 'इळा' म्हणतात हेच असावे. 'इडा'चेही तेच, तो शब्द कानावर पडताच मराठी माणसाचे मन 'पिडा टळो' असे पुढे जोडून मोकळे होते.

या इडेची एक कथा शतपथ ब्राह्मणात आहे, आणि नाव ठेवणाऱ्या आत्यांनी ती जरूर वाचावी. जलप्रलयातून एकटा मनू वाचतो. संततीच्या इच्छेने तो पाण्यातच तूप, दही, निवळी आणि आमिक्षा (नासवलेल्या दुधाचा घट्ट भाग) यांची आहुती देतो. वर्षभरात त्यातून एक स्त्री उभी राहते, आणि ती चालू लागते तेव्हा तिच्या पावलाच्या ठशात तूप साठत जाते. वाटेत मित्र आणि वरुण भेटतात आणि "तू कोण?" असे विचारतात. ती म्हणते, "मनूची मुलगी." ते म्हणतात, "आमची आहेस असे सांग." ती ठाम नकार देते: ज्याने मला जन्म दिला त्याचीच मी. मग ती मनूकडे येऊन सांगते की मी तुझा आशीर्वाद आहे, यज्ञात माझा उपयोग कर. यज्ञात आहुतीनंतर ऋत्विज आणि यजमान जो हविर्भाग भक्षण करतात त्यालाही 'इडा'च म्हणतात, हे ध्यानात घेतले म्हणजे 'इरा'शी असलेला तिचा अर्थाचा शेजार कळतो: दोन्हीकडे मूळ गोष्ट पोषणाचीच आहे.

पुराणांतली इला हीच मनूची मुलगी. भागवताच्या नवव्या स्कंधात तिचा जन्म मोठ्या मजेशीर रीतीने सांगितला आहे. मनूला मुलगा हवा म्हणून वसिष्ठ यज्ञ करतात. पण मनूची पत्नी श्रद्धा 'होता' या मंत्र म्हणणाऱ्या पुरोहिताजवळ जाऊन मुलगी व्हावी अशी हळूच विनंती करते, होता त्याप्रमाणे संकल्प बदलतो, आणि इला जन्मते. मनू नाराज होतो, वसिष्ठ तिला सुद्युम्न नावाचा पुरुष करतात, पुढे शिवाच्या वनात पाऊल पडताच सुद्युम्न पुन्हा स्त्री होतो, आणि बुधापासून तिला पुरूरवा हा मुलगा होतो. चंद्रवंश इथून चालू होतो; पुरूरव्याला 'ऐल' म्हणतात ते इलेवरूनच. एका आईने मुलगी मागून घेतली आणि सगळा चंद्रवंश तिच्यापासून झाला, ही गोष्ट कोणत्याही नावासाठी चांगली पूर्वपीठिका आहे.

आता काकांचा प्रश्न. पुराणांत इरा आहे. विष्णुपुराणाच्या पहिल्या अंशात कश्यपाच्या पत्नींची संतती सांगताना 'इरा वृक्षलतावल्लीस्तृणजातीश्च सर्वशः' असे येते: वृक्ष, लता, वेली आणि गवताच्या सगळ्या जाती इरेने जन्माला घातल्या. भागवताच्या सहाव्या स्कंधात हेच काम 'इलाया भूरुहाः सर्वे' असे इलेकडे दिले आहे. सगळ्या झाडाझुडपांची आई एका पुराणात इरा आहे आणि दुसऱ्यात इला. परंपरेने या दोन नावांची अदलाबदल किती सहज केली, याचा यापेक्षा चांगला पुरावा माझ्या पाहण्यात नाही. 'रलयोरभेदः' आणि 'डलयोरभेदः' (र आणि ल, तसेच ड आणि ल यांत भेद मानू नये) ही वचने काकांना पाठ असतीलच. रोम आणि लोम, रोहित आणि लोहित या जोड्याही त्याच धर्तीच्या.

पाठशाळा:

एक छोटी पुस्ती. परंपरेने इरा आणि इडा एक मानल्या, हे वरील उदाहरणावरून निर्विवाद आहे. परंतु व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्या एकाच मुळाच्या आहेत असे सर्व भाषाशास्त्रज्ञ मानत नाहीत. 'इडा'ची तुलना अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातील 'ईझा' या शब्दाशी केली जाते, आणि त्या वाटेने 'इरा'तल्या 'र'चा उलगडा होत नाही. तेव्हा दोघी जन्माने सख्ख्या नसल्या तरी एकाच घरात वाढल्या, असे म्हणणे मला सुरक्षित वाटते.

'सगळ्या झाडाझुडपांची आई' हा विष्णुपुराणातला संदर्भ आणि पर्जन्यसूक्तातली ऋचा शेजारी ठेवून पाहा. ऋचेत आधी वनस्पती वर येतात आणि लगेच इरा जन्मते. पुराणात इरेपासून वनस्पती जन्मतात. क्रम उलटला, पण सोबत सुटली नाही.

नदीकाठ:

'इरा' सुटे ठेवण्यापेक्षा कागदोपत्री 'इरावती' ठेवून घरात 'इरा' म्हणावे, असा एक मार्ग मला सुचवावासा वाटतो. आपल्याकडे मागच्या पिढ्यांत 'इरावती'च अधिक रुळलेली होती. 'इरावती' म्हणजे इरेने भरलेली, आणि म्हणूनच ते नदीला शोभले.

पंजाबातली रावी ही इरावती. वेदकाळी तिचे नाव परुष्णी होते, दाशराज्ञ (दहा राजांचे) युद्ध तिच्याच काठी झाले, आणि यास्काने निरुक्त या वैदिक शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या ग्रंथात 'इरावतीं परुष्णीत्याहुः' असे नोंदवून ठेवले आहे, म्हणजे त्याच्या काळी इरावती हे नाव लोकांना ओळखीचे झाले होते आणि परुष्णी समजावून सांगावी लागत होती. 'इरावती'ची झीज होत होत 'रावी' झाली. दुसरी इरावती म्यानमारमध्ये आहे. त्या देशाची ती प्रमुख नदी. आपल्या मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ साली तिथे, मिंजान या गावी झाला, आणि त्यांना नाव मिळाले ते त्या नदीचे. इंद्राच्या हत्तीचे 'ऐरावत' हे नावही याच घराण्यातले: इरावान म्हणजे जलमय समुद्र, त्याच्या मंथनातून निघालेला तो ऐरावत.

महाभारतात अर्जुन आणि उलूपी यांचा मुलगा इरावान आहे, आणि भागवतात परीक्षिताची राणी, उत्तराची कन्या, इरावती आहे. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकातही अग्निमित्राची धाकटी राणी इरावतीच आहे, मात्र तिचा उल्लेख काकांसमोर करू नये, कारण तिसऱ्या अंकात ती रंगमंचावर येते तीच मद्य पिऊन.

परदेशस्थ मावशी:

मुलगी पुढे शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बाहेर गेली तर काय, याचाही विचार आजकाल करावा लागतो, म्हणून चार गोष्टी लिहिते. इंग्रजीत हेच रोमन स्पेलिंग 'आयरा' असे उच्चारतात आणि ते पुरुषाचे नाव आहे. ते हिब्रूतून आले असून बायबलमधील दाविदाच्या माणसांत या नावाचा उल्लेख आहे, आणि त्याचा अर्थ 'जागरूक' असा दिला जातो. रशियन लोक 'इरीना'ला लाडाने 'इरा' म्हणतात, आणि 'इरीना' हे शांतीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आले आहे. तिथे मात्र आपल्या इरेला कोणाला उच्चार समजावून सांगावा लागणार नाही. आधुनिक ग्रीकमध्ये हेरा या देवीचे नाव 'इरा' असेच उच्चारले जाते. लॅटिनमध्ये 'इरा' म्हणजे क्रोध. ही निव्वळ ध्वनिसाम्ये आहेत, आपल्या शब्दाशी त्यांचा संबंध जोडू नये. पण शाळेत कोणी विचारले तर मुलीला उत्तर ठाऊक असावे.

स्पष्टवक्ता:

इतके सगळे वाचल्यावर मी माझी 'इला' मागे घेत नाही, पण 'इरा'वरचा आक्षेप मागे घेतो. 'इरावती' मात्र नको. कागदावर एक आणि हाकेला एक अशी दोन नावे असली की प्रत्येक अर्जाच्या वेळी गोंधळ होतो. नाव एकच आणि ठसठशीत असावे.

घरचा कोश:

'ईरा'चा प्रश्न राहून गेला. वर उद्धृत केलेल्या प्रत्येक स्थळी, ऋग्वेदापासून विष्णुपुराणापर्यंत, शब्द ऱ्हस्व 'इ'चाच आहे. संस्कृतमध्ये 'ईर्' असा धातू आहे, त्याचा अर्थ हलणे, हलवणे, प्रेरणा देणे. 'समीर' हा शब्द त्यावरून झाला आहे. दीर्घ लिहिले तर आपण वेगळ्याच धातूच्या दारात जाऊन उभे राहतो. मराठीत तत्सम शब्द मुळाप्रमाणे लिहायचे असतात आणि उच्चारही निशा, शिला, इला यांच्यासारखाच ऱ्हस्व होतो, म्हणून 'इरा' हेच बरोबर. जन्मनोंदणीचा अर्ज भरताना देवनागरीतले अक्षर स्वतः तपासून घ्यावे. तिथे झालेला दीर्घ पुढे ऱ्हस्व करून घेणे किती कटकटीचे असते, ते ज्यांनी केले त्यांनाच ठाऊक.

आणि काकांसाठी एक भेट: अमरकोशाच्या पहिल्या कांडात ढगातल्या विजेला 'मेघज्योतिरिरंमदः' म्हटले आहे. 'इरंमद' म्हणजे इरेत, इथे पाण्यात, रमणारा. हा शब्द पाणिनीलाही ठाऊक आहे. अष्टाध्यायीत तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात 'उग्रंपश्येरंमदपाणिन्धमाश्च' या सूत्रात तो येतो. त्यातला संधी काका स्वतःच सोडवतील.

धाकटी आत्या:

सर्वांना नमस्कार आणि आभार. काल संध्याकाळी हे सगळे प्रतिसाद कागदावर उतरवून काकांपुढे ठेवले. त्यांनी पर्जन्यसूक्ताची ऋचा आपल्या प्रतीत काढून ताडून पाहिली, मग विष्णुपुराणातली ओळ शोधली, आणि शेवटी "अर्थ मद्याचाही आहे, हे मी म्हटले ते चूक नव्हते" असे बजावून संमती दिली. आई आता पुन्हा वहिनीच्या बाजूला आली आहे. 'इरावती'चा विचार आम्ही केला, पण भावाला एकच नाव हवे आहे. पाळण्यावर लावायच्या पाटीवर 'इरा' ऱ्हस्वच लिहायला सांगितले आहे.

पाठशाळा यांना एक विनंती आहे. काकांना ती ऋचा बारशाच्या दिवशी स्वतः म्हणायची आहे. स्वरांच्या खुणांसह ती इथे देता येईल का?

पाठशाळा:

स्वरांच्या खुणा इथल्या टंकात नीट उमटत नाहीत, त्यामुळे चुकीच्या खुणा देण्यापेक्षा न दिलेल्या बऱ्या. काकांकडे संहितेची छापील प्रत आहेच, त्यात अक्षरांच्या वर आणि खाली रेघा असतील. खालची आडवी रेघ अनुदात्ताची आणि वरची उभी स्वरिताची, उदात्ताला खूण नसते. ऋचा एकटी न म्हणता तिच्या अलीकडची तिसरीही म्हणावी असे सुचवतो. तिच्यात घोड्यांना चाबूक लावणाऱ्या सारथ्यासारखा पर्जन्य आपले पाऊस आणणारे दूत पुढे धाडतो आणि दुरून सिंहाच्या डरकाळ्या ऐकू येतात, त्यामुळे चौथीत इरा येते तेव्हा ती कुठून आली हे ऐकणाऱ्यांना कळते.